हिशेब मागणारे बाबासाहेब

दरवर्षी १४ एप्रिलला आम्ही मिरवणूक काढतो आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर नतमस्तक होतो. व्याख्यानमालांमधून बाबासाहेब कधी घटनेचे शिल्पकार म्हणून येतात, कधी चवदार तळ्याचे सेनापती म्हणून, कधी धम्मचक्र फिरविणारे महामानव म्हणून. ते योग्यच आहे. पण अर्थसंकल्पाचे बाड हाती घेऊन, सरकारी बाकांकडे बघत, हा पैसा कोणाच्या खिशातून काढला आणि कोणाच्या घशात घातला असा रोकडा सवाल करणारे बाबासाहेब आमच्या मंडपांत फारसे येत नाहीत. आकडेवारी रुक्ष असते, टाळ्या मिळत नाहीत, हे त्याचे कारण असावे. परंतु ज्या समाजाच्या नावे तरतूद होते आणि ज्याच्या नकळत ती वळवली जाते, त्या समाजाने हे बाबासाहेब विसरणे म्हणजे स्वतःच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे होय. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांचा झगमगाट झाला. त्यासाठी अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतील सहाशे कोटींहून अधिक रुपये वळवले गेल्याची कबुली सरकारला संसदेत द्यावी लागली. मे २०२५ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे गेले, तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. म्हणून आज आम्ही वाचकांसमोर बाबासाहेबांचे चरित्र या एकाच बाजूने मांडत आहोत.

हिशेबाचा हा धडा त्यांना घरातच मिळाला होता. सुभेदार रामजींची पेन्शन तुटपुंजी आणि भीवाची पुस्तकांची भूक मोठी. विवाहित मुलीकडे जाऊन तिचा दागिना मागायचा, तो गहाण ठेवायचा, पुस्तक आणायचे आणि पेन्शन हाती पडली की दागिना सोडवून परत करायचा, हा त्या बापाचा शिरस्ता होता. ज्याच्या घरी असे पुस्तक आले, त्याला पै पैची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही.

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी विषय कोणता निवडला हे आमच्या तरुणांनी नीट ध्यानात घ्यावे. जातिव्यवस्थेवर त्यांनी निबंध वाचला हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु १९१५ चा त्यांचा एम.ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर होता. पीएच.डी.चा प्रबंधही सरकारी तिजोरीवरचाच. १९१७ साली ते लंडनहून परत निघाले तेव्हा त्यांचे सामान घेऊन येणारी बोट शत्रूच्या पाणतीराने बुडाली. पुस्तके गेली, टिपणे गेली, माणूस खचला नाही. १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांना फार जहाल वाटला, त्यात फेरफार करावे लागले, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदरात पडली. कोलंबियाचा प्रबंध १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग आणि सन या प्रकाशकाने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथ म्हणून काढला. त्याला त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे आणि तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे.

हा ग्रंथ आमच्यापैकी फार थोड्यांनी उघडला असेल. त्यात सांगितलेली गोष्ट अगदी साधी आहे. १८३३ च्या कायद्याने हिंदुस्थानचा सारा पैसा कलकत्त्याच्या मध्यवर्ती सरकारच्या मुठीत गेला. प्रांतांनी खर्च करायचा, पण पैसा उभा करण्याची जबाबदारी त्यांची नाही. मग जो प्रांत जास्त ओरडेल त्याला जास्त मिळू लागले. काटकसर करणारा मूर्ख ठरला. १८७० मध्ये लॉर्ड मेयोने प्रांतांना ठराविक रकमा लावून दिल्या, पुढे काही महसुलाच्या बाबी तोडून दिल्या, नंतर काही बाबींत वाटा दिला. हा सारा पन्नास वर्षांचा खटाटोप बाबासाहेब कागदोपत्री उलगडून दाखवतात आणि शेवटी मर्मावर बोट ठेवतात. खात्यांची वाटणी कितीही हुशारीने करा. जोवर खर्च करणारा अधिकारी लोकांनी निवडलेल्या विधिमंडळाला जबाबदार नाही, तोवर सगळे व्यर्थ आहे. १९१९ च्या सुधारणांनी विधिमंडळे आली खरी, पण राखीव खात्याची एखादी मागणी कौन्सिलने नाकारली तर गव्हर्नर ती आपल्या अधिकारात पुन्हा मंजूर करू शकत असे. १९२१ मध्ये दिल्लीत लोकलेखा समितीही आली, पण तिचे अध्यक्षपद सरकारचा अर्थसदस्यच भूषवीत होता आणि ते पुढे १९५० पर्यंत तसेच चालले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरे काय!

आता मुंबईच्या कायदे कौन्सिलकडे येऊ. सरकारनेच नेमलेला सभासद म्हणून बाबासाहेब १९२७ च्या फेब्रुवारीत तेथे दाखल झाले. सरकारनियुक्त सभासदाने सरकारची री ओढावी अशी रीत होती. बाबासाहेबांनी २४ फेब्रुवारी १९२७ रोजी पहिल्याच अर्थसंकल्पावरील भाषणात ती मोडली. महाडचा सत्याग्रह त्यानंतर महिनाभराने, २० मार्चला झाला, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. तळ्याचे पाणी आणि तिजोरीचा पैसा हे दोन्ही लढे एकाच माणसाने, एकाच हंगामात हाती घेतले होते.

त्या भाषणात त्यांनी शेतसाऱ्यावर हल्ला चढवला. प्राप्तिकर भरणाऱ्याला एका मर्यादेपर्यंत सूट मिळते आणि उत्पन्न वाढेल तसा दर वाढतो; पण शेतसाऱ्याला असा विवेक नाही. एकरभर तुकड्यावर जगणारा कुणबी आणि शेकडो एकरांचा धनी, दोघांना दर तोच. पीक बुडाले तरी सारा चुकत नाही. श्रीमंताच्या उत्पन्नाला दयामाया आणि गरिबाच्या जमिनीला नाही, असा हा न्याय आहे हे त्यांनी सभागृहाच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न केला. पुढे १२ मार्चला शिक्षणाच्या मागणीवर बोलताना त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले. इलाख्यात सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून, म्हणजे दारूच्या महसुलातून, दरडोई दोन रुपयांच्या वर गोळा करते. अर्थसंकल्प कसा वाचावा याचा याहून सोपा धडा आम्हाला तरी माहीत नाही. जमेच्या बाजूचा एक आकडा घ्यायचा, खर्चाच्या बाजूचा एक घ्यायचा आणि दोन्ही दरडोई करून शेजारी शेजारी मांडायचे. सरकारचे मन उघडे पडते.

याच काळात मुंबईच्या गिरण्या अडचणीत होत्या. पहिल्या महायुद्धात मालकांनी रग्गड नफा कमावला होता, तो ओसरला. जपानी कापड बाजारात आले आणि मालकांनी गळा काढला. १९२५ साली त्यांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि कामगार संपावर गेले. तेव्हा सरकार धावले. गिरणीच्या कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कर डिसेंबर १९२५ मध्ये थांबवला गेला आणि पुढे रद्द झाला, कपात मागे घेतली गेली. नंतर टॅरिफ बोर्डाने चौकशी केली आणि १९३० च्या संरक्षण कायद्याने परदेशी कापडावरची जकात वाढली. करमाफी आणि जकात, दोन्हींचा भार अखेर जनतेवरच. आणि मालकांनी त्या बदल्यात कामगारांना काय दिले? १९२८ मध्ये त्यांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली एकेका कामगाराच्या माथी अधिक यंत्रे मारली आणि शहर सहा महिने संपात होरपळले.

त्या संपात बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न प्रस्थापित कामगार पुढाऱ्यांना आजही अडचणीचा वाटतो. गिरणीत पगार चांगला मिळे तो साचेखात्यात, म्हणजे विणाईत. तेथे आमच्या आजोबा-पणजोबांना मज्जाव होता. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. मालकाच्या पिळवणुकीविरुद्ध एकजुटीची भाषा करणारे सहकारी साच्यापाशी मात्र मनू होऊन उभे राहत. हा मज्जाव उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घाला, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला आणि पुढाऱ्यांना ती नाइलाजाने घ्यावी लागली. मालकांनी ही भेदनीती आपण केलेली नाही असे सांगून हात झटकले. उद्योगाला सरकार संरक्षण देते ते कोणाच्या घामाला पोहोचते, हा प्रश्न त्यामुळे आमच्यासाठी दुहेरी होता. मालकाला मिळालेली सवलत मजुरापर्यंत झिरपत नव्हती, आणि मजुरापर्यंत आलेले थोडेफार साचेखात्याच्या दारावर अडत होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये कौन्सिलपुढे बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले. गिरणीत राबणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या काळात पगारी विश्रांती मिळावी, एवढीच मागणी. धंदा मंदीत आहे, एकट्या मुंबई इलाख्यावरच हा बोजा का, असे आक्षेप निघाले. बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला आणि मांडणी मोठी न्यायाची केली. आईचे आरोग्य हे राष्ट्राचे हित आहे, तेव्हा खरे तर या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. पण सरकार तो उचलत नाही म्हणून मालक सुटत नाही, कारण बाईच्या श्रमाचा फायदा त्याने घेतलेला असतो. १९२९ मध्ये कायदा झाला. अडचणीतला धंदा हे त्या बाईला उपाशी ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही, हे मुंबईच्या कौन्सिलने तेव्हा मान्य केले.

गोलमेज परिषदा, पुणे करार, येवल्याची घोषणा, हा इतिहास वाचकांना मुखोद्गत आहे. १९३६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. लोकहितासाठी गरज पडेल तेथे उद्योग सरकारने चालवावेत, सरकारच्या मालकीचे करावेत, हे त्या पक्षाच्या जाहीरनाम्यात होते.  १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेत निवडून आले, सप्टेंबरमध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप घडवून आणला. लठ्ठे अर्थमंत्री होते. त्यांचे अर्थसंकल्पही बाबासाहेबांनी इंग्रजांच्या अर्थसंकल्पांइतक्याच कठोरपणे सोलले. सरकार स्वकीयांचे आहे म्हणून हिशेबात सवलत द्यावी हे त्यांना मान्य नव्हते.

१९४२ च्या जुलैमध्ये भूमिका उलटली. आता ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. प्रश्न विचारणारा उत्तरे देण्याच्या बाकावर गेला. युद्धामुळे कोळशाची टंचाई पडली होती. खाणींतून मजूर लष्करी कामांकडे निघून गेले होते, उत्पादन घसरले होते आणि कोळशाविना रेल्वे चालेना, कारखाने चालेनात. सरकारने १९४३ मध्ये खाणीत जमिनीखाली काम करण्यास स्त्रियांना असलेली बंदी उठवली. ही बंदी १९३७ पासून पूर्णपणे लागू होती. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात यावरून सरकारला घेरण्यात आले आणि उत्तर द्यायला उभे राहिले ते बाळंतपणाच्या विधेयकासाठी भांडलेले बाबासाहेब. हा तात्पुरता, आणीबाणीचा उपाय आहे आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, अशी बाजू त्यांनी मांडली. आम्ही भक्त आहोत, पण आंधळे नाही. हा निर्णय आमच्या मनाला आजही सलतो. परंतु सभागृहाने विचारले आणि मंत्र्याने तेथेच उभे राहून उत्तर दिले, टाळले नाही. आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये, ते पदावर असतानाच, बंदी पुन्हा लागू झाली. तात्पुरते म्हणून आलेले किती निर्णय असे परत जातात?

डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादला गेले, खाणीत उतरले, मजुरांच्या खोपट्यांत डोकावले. लगेच जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. आमच्या मते उद्योगातील सरकारी हस्तक्षेपाचा हा बाबासाहेबांचा खरा नमुना. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर बसवायचा आणि तो पैसा सरकारच्या साऱ्या खर्चात न मिसळता वेगळ्या निधीत ठेवून त्यातूनच मजुरांची घरे, पिण्याचे पाणी, दवाखाने करायचे. धंदा वाचवायचा तर धंद्यातल्या माणसालाही वाचवायचे, आणि त्याच्या वाट्याचा पैसा दुसरीकडे वळणार नाही अशी कुलूपबंद सोय करायची. अभ्रकाच्या खाणींसाठी १९४६ मध्ये असाच कायदा झाला. विशेष घटक योजनेचे पैसे वळवले जातात तेव्हा आम्हाला धनबादच्या त्या कुलपाची आठवण होते.

१९४७ मध्ये त्यांनी राज्ये आणि अल्पसंख्याक हे निवेदन लिहिले. मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे, विमा ही सरकारची मक्तेदारी, आणि प्रत्येक प्रौढाची त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात सक्तीची आयुर्विमा पॉलिसी, हे सारे राज्यघटनेतच लिहावे असे त्यांचे मत होते. म्हणजे बहुमत बदलले तरी ते मोडता येऊ नये. घटना समितीत ते उतरले नाही. खाउजाचे पुजारी आज बाबासाहेबांना खासगीकरणाचे आद्य पुरस्कर्ते म्हणून रंगवतात, त्यांनी हे निवेदन एकदा तरी वाचावे.

उद्योगांची मालकी घटनेत आली नाही, पण तिजोरीचे कुलूप आले. कायद्याशिवाय कर नाही, हे २६५ वे कलम. कायद्याशिवाय एकत्रित निधीतून पैसा निघणार नाही, हे २६६ वे. आणि १४८ ते १५१ ही नियंत्रक व महालेखापरीक्षकांची कलमे. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत यावर चर्चा झाली. बाबासाहेबांनी तेव्हा सांगितले की हा अधिकारी घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण संसदेने मंजूर केल्यापेक्षा जास्त किंवा भलत्या कामावर पैसा जातो की नाही हे तोच पाहणार. त्याचे कर्तव्य त्यांना न्यायसंस्थेहूनही मोठे वाटत होते. आणि त्याला स्वतःचा नोकरवर्ग नेमण्याचे स्वातंत्र्य न्यायालयांइतके मिळत नाही, याची खंतही त्यांनी लपवली नाही. घटना बनवणारा माणूस सभागृहात उभा राहून आपल्याच मसुद्यातला कच्चा दुवा दाखवून देतो! १५१ व्या कलमाने लेखापरीक्षकांचे अहवाल संसदेपुढे आणि राज्यांत विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक झाले. कधी ठेवायचे याची तारीख मात्र घातली गेली नाही. महाराष्ट्रात हे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, चर्चेला वेळ उरत नाही.

१९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे कारण सर्वांना माहीत आहे. त्याच निवेदनात त्यांनी हेही नोंदवले की अर्थशास्त्र आणि प्रशासन शिकलेल्या आपल्याला नियोजनाचे खाते कधी दिले गेले नाही, मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवरही घेतले नाही. अर्थशास्त्राचा एवढा मोठा पंडित मंत्रिमंडळात असताना त्याला तिजोरीपासून चार हात दूर ठेवले गेले. याला योगायोग म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही.

१ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. बाबासाहेबांचे अर्धे म्हणणे असे खरे झाले आणि तीन महिन्यांनी, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. अर्धे म्हणणे म्हणण्याचे कारण पुढच्याच वर्षी दिसले. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा याच्या डबघाईला आलेल्या सहा कंपन्यांचे शेअर सुमारे सव्वा कोटीला घेतले, तेही आपल्याच गुंतवणूक समितीला न विचारता. लोकांच्या विम्याच्या पैशाने बुडत्या सावकाराला हात दिला गेला. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी लोकसभेत हे बाहेर काढले, न्यायमूर्ती छागलांची उघड चौकशी मुंबईत झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावे लागले. सरकारी मालकीवर संसदेची नजर नसेल तर ती मालकी भांडवलदाराच्या सोयीची होते, हे तेव्हा साऱ्या देशाने पाहिले.

गिरण्यांचेही तेच. १९७४ च्या कायद्याने सरकारने १०३ आजारी गिरण्या ताब्यात घेऊन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे दिल्या. मालकांनी पोखरून टाकलेला सांगाडा सरकारने सांभाळायचा, तोटा जनतेने भरायचा आणि शेवटी जमिनीला सोन्याचा भाव आला की लिलाव करायचा, असा तो प्रवास झाला. २००५ मध्ये महामंडळाच्या मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या तेव्हा १९८२ च्या संपात उद्ध्वस्त झालेले कामगार घरासाठी अर्ज घेऊन फिरत होते.

त्यातलीच एक गिरणी दादरच्या समुद्रकाठी, चैत्यभूमीच्या शेजारी होती. इंडिया युनायटेड मिल क्रमांक सहा, लोकांच्या तोंडी इंदू मिल. ६ डिसेंबर २०११ रोजी भीमसैनिक तिच्यात शिरले आणि जागा सोडायला तयार झाले नाहीत. वर्षभराने केंद्राने साडेबारा एकर जमीन स्मारकासाठी देण्याचे जाहीर केले, ऑक्टोबर २०१५ मध्ये भूमिपूजन झाले, आणि पुढे पुतळ्याची उंची चौथऱ्यासह ४५० फूट ठरली. २०२० मध्ये सुधारित खर्च १०८९ कोटींवर गेला. हा आकडाही विधिमंडळाने मंजूर केलेल्या पैशाचा आहे, आणि त्याचा हिशेबही १५१ व्या कलमाखाली त्याच पटलावर यायचा आहे.